दोन माणसे, एक जुना ऑर्गन

‘हे संगीत आहे काय?’ असा प्रश्न आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मला विचारला. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने दिलेले गाणे मी मोबाइलवर लावले होते. प्रश्न ऐकून मला हसू आले. ‘हे साहित्य आहे काय?’ हा त्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ. दलित लेखनाच्या दारात तो कित्येक वर्षे ठाण मांडून बसला होता. असे विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असते. म्हणून सहकाऱ्याशी वाद न घालता मी ती ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकली. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९७० साली ॲलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह यांनी ‘सुइसाइड’ नावाचा संच उभा केला. सुरुवातीला त्यांच्यासोबत एक गिटारवादक होता. पुढे दोघेच उरले. गिटार नाही, ढोलकऱ्याचा पत्ता नाही. एक जुना फारफिसा ऑर्गन, ठोके देणारे एक यंत्र आणि व्हेगाचा गळा, एवढाच संसार. ‘पंक’ हा शब्द जगाच्या तोंडी बसण्याआधीच या दोघांनी आपल्या जाहिरातपत्रकांवर तो छापला होता. नावाचा अर्थ आत्महत्या. मात्र ही आत्महत्या एका माणसाची नसून व्हिएतनामचे युद्ध लढणाऱ्या एका समाजाची आहे, असे व्हेगाचे म्हणणे होते. त्यांची पहिली तबकडी निघायला १९७७ची अखेर उजाडली. सात गाणी, सुमारे ३२ मिनिटे.

यातले ‘फ्रँकी टिअरड्रॉप’ हे गाणे दहा मिनिटांहून मोठे आहे. फ्रँकी हा वीस वर्षांचा कारखान्यातला मजूर. राबूनही त्याचे भागत नाही. घर जाण्याची पाळी येते. शेवटी तो बायकोला, लेकराला आणि स्वतःला संपवतो. एवढीच हकीकत. पण ती सांगण्याची रीत पाहा. यंत्राचा ठोका पहिल्यापासून जो सुरू होतो तो बदलत नाही. फ्रँकी कामावर जातो तेव्हा तोच ठोका आणि बंदूक उचलतो तेव्हाही तोच. व्हेगा मधूनच कुजबुजतो, मधूनच किंचाळतो. यंत्राला त्याची दखल नाही. करुण सुरावट वाजवून ऐकणाऱ्याचे डोळे पाणावणे सोपे होते. या दोघांनी ते केले नाही. कारखाना मजुराच्या दुःखासाठी थांबत नाही, हे त्यांनी ठोक्यातूनच सांगितले. येथे आशय आणि अभिव्यक्ती वेगळी काढता येत नाही.

माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. हंगाम संपला की ते अंगणात गप्प बसत. ते कधी ओरडले नाहीत. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी त्या गप्प बसण्याला पुष्कळ वर्षे सहनशीलता म्हणत आलो. हे गाणे ऐकताना प्रथमच वाटले की ते गप्प बसणे ऐकायला माझ्यापाशी कानच नव्हता.

प्रस्थापितांनी या दोघांचे स्वागत कसे केले? १६ जून १९७८ रोजी ब्रुसेल्समध्ये श्रोत्यांनी हुर्यो उडवली, व्हेगाच्या हातचा मायक्रोफोन पळवला आणि कार्यक्रम उधळला. ‘रोलिंग स्टोन’ने ही तबकडी प्रथम मोडीत काढली, पुढे २००३ साली त्याच नियतकालिकाने सर्वश्रेष्ठ ५०० तबकड्यांच्या यादीत तिला जागा दिली. तबकडी तीच होती. बदलले ते समीक्षकांचे कान, आणि त्याला पंचवीस वर्षे लागली.

आता ‘स्वतःच करा’ या वृत्तीविषयी. या वृत्तीचा गौरव करताना भाबडेपणा नको. ही तबकडी काही घरी बनलेली नाही. मार्टी थाऊच्या ‘रेड स्टार’ कंपनीने ती काढली आणि थाऊसह क्रेग लिऑन हा अनुभवी निर्माता होता. साधनांची मालकी स्वतःकडे घेण्याचे खरे पाऊल इंग्लंडमधल्या पोरांनी टाकले. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने सुमारे ५०० पौंड उसने घेऊन आपली तबकडी आपणच काढली. १९७८ साली ‘स्क्रिटी पोलिटी’ या गटाने तर ध्वनिमुद्रणाला किती, छपाईला किती, हा सारा हिशेब वेष्टनावरच छापला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कलेभोवतीचे गूढ त्या हिशेबाने उतरवले. वाचणाऱ्या पोराला कळले की यात दैवी असे काही नाही, एवढे पैसे जमले की हे आपल्यालाही जमेल.

मग ‘सुइसाइड’चे मोल कशात? जे साधन हाताशी आहे त्याची लाज न बाळगता त्याच्यातूनच नवी भाषा काढण्यात. ऑर्गनचा आवाज किरटा, म्हणून रेव्हने तो लपवला नाही. उपकरणांतून फिरवून तो आणखी खरखरीत केला. अभाव झाकण्याऐवजी त्याने अभावालाच बोलते केले.

तरी माझे दोन आक्षेप आहेत. पहिला ऋणाचा. या तबकडीवर व्हेगाचा आवाज जो घुमतो, विरतो आणि परत येतो, ते तंत्र लिऑनने जमैकाच्या ‘डब’ संगीतातून घेतले. किंग्स्टनमध्ये रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने आणि अंगणात स्टुडिओ बांधणाऱ्या ली पेरीने ते घडवले. त्या काळ्या कारागिरांनीही सारे स्वतःच केले होते; पण त्यांना ‘वृत्ती’ म्हणून मिरवायची चैन नव्हती. व्हेगाने ब्रुकलिन कॉलेजात चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. रेव्हच्या हाताला जॅझचे शिक्षण होते. त्यांनी मोडक्या साधनांची निवड केली असेल. कित्येकांना निवडच नसते. हा फरक पुसून सगळ्यांना एकाच पंक्तीत बसवणारी समीक्षा प्रामाणिक नव्हे.

दुसरा आक्षेप फ्रँकीच्या बायकोविषयी. फ्रँकीला नाव आहे, गाणे आहे, किंकाळी आहे. तिला यातले काहीच नाही. कारखान्याने फ्रँकीला चिरडले हे खरे. पण फ्रँकीने तिला मारले हेही तेवढेच खरे. शोषिताचा उद्रेक घरातल्या बाईवर आणि पोरावर कोसळतो तेव्हा त्याला विद्रोह म्हणता येईल काय? गाणे हा प्रश्न उभा करून थांबते. आपण ऐकणाऱ्यांनी तेथे थांबू नये.

ही तबकडी ऐकून ब्रूस स्प्रिंगस्टीन हा लोकप्रिय गायक हलून गेला. १९८२ साली त्याने घरातल्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर ‘नेब्रास्का’ची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातल्या ‘स्टेट ट्रूपर’वर फ्रँकीची सावली स्पष्ट आहे. व्हेगा २०१६ साली गेला. ज्यांना हुसकावून लावले त्यांचा आवाज असा दुसऱ्याच्या गळ्यात जाऊन बसला.

गाणे देणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे सगळे सांगितले. बायकोबद्दलचे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, तिच्या बाजूने लिहून बघू का?’ आमच्या स्नेहसंमेलनाच्या खोलीत तीन पट्ट्या बसलेली पेटी धूळ खात पडली आहे. दुरुस्तीला पैसे मंजूर होतील तेव्हा होतील. खोलीची किल्ली मी त्याला दिली आहे.