आमच्या कुलवृत्तांतातल्या रिकाम्या जागा

गेल्या डिसेंबरात पुण्याहून येताना माझ्या दिरांनी बॅगेतून बाकरवडीची दोन पाकिटं काढून ठेवली आणि त्या जागी एक जाडजूड पुस्तक आणलं. आमच्या देशपांडे घराण्याचा कुलवृत्तांत! "वहिनी, यात तुमचंही नाव आहे," म्हणाले. मी आधी माझं नाव शोधलं (तुम्हीही तेच केलं असतं!) आणि मग पहिल्या पानापासून वाचायला बसले. असे ग्रंथ आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असतील, म्हणून हा वाचल्यावर जे वाटलं ते लिहिते आहे.

आधी श्रेय. संपादकांनी निवृत्तीनंतर गावोगाव हिंडून माहिती जमवली. शाहू महाराजांच्या काळातली एक मोडी सनद छायाचित्रासह छापली आणि शेजारी तिचं बाळबोध लिप्यंतर दिलं. घरात मोडी वाचणारं कुणी उरलेलं नसताना हे काम फार मोलाचं आहे.

पण 'आडनावाची उत्पत्ती' हे पहिलंच प्रकरण मला पटलं नाही. देशपांडे म्हणजे परगण्याचा हिशेब ठेवणारा वतनदार. गावचा हिशेब ठेवणारा तो कुलकर्णी. हे मुळात हुद्दे. म्हणून देशपांडे अनेक गावांत, अनेक गोत्रांत आणि एकाहून अधिक जातींत सापडतात. फडणीस, चिटणीस यांचंही तेच. त्यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. गावावरून पडलेली आडनावं तरी कुठे वेगळी? नाशकात सगळेच नाशिककर. ती ओळख चिकटते गाव सोडल्यावर. तेव्हा जुन्या कागदात 'देशपांडे' दिसला की तो आपलाच पूर्वज, असं धरून चालणं धोक्याचं. गाव, वतन आणि गोत्र जुळतंय का, हे आधी पाहायला हवं. संपादकांनी तीन ठिकाणी ते पाहिलेलं दिसत नाही.

दुसरा आक्षेप वंशावळीला. शाहू महाराज वारले १७४९ मध्ये. त्यांच्या सनदेत त्रिंबकपंत आहेत आणि १८५२ च्या इनाम कमिशनपुढे कैफियत देणारा त्यांचा नातू, असं पुस्तक म्हणतं. म्हणजे शंभरावर वर्षांत आजोबा, मुलगा आणि नातू एवढेच! पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरली तर मध्ये एक-दोन पिढ्या गळल्या असणार. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे दोन त्रिंबकांचा एक झाला असावा. शिवाय वतन टिकवण्यासाठी दिलेली कैफियत ही एका पक्षाची बाजू. ती वाचावी जरूर, पण तिला दुसऱ्या कागदाचा आधार शोधावा.

हे दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतील. मला खरं टोचलं ते पुढे. सासूबाईंची नोंद अशी आहे : 'पत्नी लक्ष्मीबाई, माहेरचे नाव —'. ती रेघ पाहून मी थांबले. सासूबाईंचे भाऊ घरी आले की त्यांना 'वेणू' म्हणत. त्या हाकेसरशी सासूबाईंचा चेहरा बदलायचा, तो मी पाहिला आहे. चाळीस वर्षं घर सांभाळलेल्या बाईचं पहिलं नाव कुणी विचारलंच नाही. त्याआधीच्या पिढ्यांत तर नुसतं 'कन्या २' असं लिहून विषय संपवला आहे.

बाईचं नाव लग्नात बदललं की माग तिथेच तुटतो. माझंही बदललं. इथे कागदपत्रं करताना दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र मला द्यावं लागलं. मी हयात होते म्हणून देता आलं. वेणूचं प्रतिज्ञापत्र आता कोण देणार?

पुस्तकाच्या शेवटी पुढच्या आवृत्तीसाठी फॉर्म आहे. त्यात सूचना आहे : 'मुलींकडील नातवंडांची नावे देऊ नयेत.' माझ्या मुलीनं अमेरिकन मुलाशी लग्न केलं. तिचा मुलगा मला आजी म्हणतो, वरणभात तूप घालून खातो, आणि शाळेच्या 'फॅमिली ट्री'साठी हेच पुस्तक त्यानं माझ्याकडे मागितलं. त्यात त्याला स्वतःला जागा नाही, हे त्याला कसं सांगू? वंश मुलाकडून मोजायची रीत जुनी आहे, मान्य. पण वृत्तांत म्हणवणाऱ्या पुस्तकानं घडलेलं लिहायला हवं.

तरीही पुस्तक घ्याच, असं मी म्हणेन. मात्र शेजारी पेन्सिल ठेवा. घरातल्या वयस्कर मंडळींना या वेळच्या फोनमध्ये तब्येतीबरोबर त्यांच्या आईचं, आजीचं माहेरचं नावही विचारा. जुन्या फोटोंच्या मागे कोण, कुठे, कधी ते लिहा. सांगणारे आहेत तोवरच हे होईल.

मी आमच्या प्रतीत त्या रेघेच्या जागी 'वेणू' लिहिलं. फॉर्मही भरून पाठवला. कन्येच्या रकान्यात जागा पुरेना, म्हणून नातवाच्या नावाची वेगळी पुरवणी जोडली आहे. संपादक काय करतात, ते पुढच्या स्मरणिकेत कळवीन.