बक्कल नसलेला पट्टा

कातडी पट्ट्याची सगळी गोष्ट बकलापाशी घडते. कुठलं भोक ओढून लांबोळं झालंय ते पाहिलं की घालणारा सुटला की रोडावला हे कळतं. स्प्रिंगच्या पट्ट्यात असं बोट ठेवायला जागाच नाही. भोकं नाहीत, जीभ नाही, खटका नाही. चार बोटं आत घालून पट्टा फाकवायचा, हात सरकवायचा आणि सोडून द्यायचं. पुढचं तो बघतो. माझ्यापुढे आहे तो आमच्या नानांचा. घड्याळ एचएमटी जनता, चावीचं. पट्टा अमेरिकेचा, न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या त्यांच्या धाकट्या भावाने सत्तरच्या दशकात आणून दिलेला. बंगळूरचं घड्याळ आणि प्रॉव्हिडन्सचा पट्टा ही सोयरीक घरात कुणाला कधी विजोड वाटली नाही.

कवितेचं करावं तसं पट्ट्याचं रसग्रहण करायला निघालो आहे, तर सुरुवात शीर्षकापासून करतो. ट्विस्ट-ओ-फ्लेक्स. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या स्पायडेल कंपनीने या नावाचा पट्टा १९५९ साली बाजारात आणला. पहिला शब्द पिळण्याचा, शेवटचा वाकण्याचा. मधल्या ‘ओ’ला अर्थ काहीच नाही, ती नुसती कडी आहे. दोन शब्दांना धरून ठेवते आणि दोघांनाही हलायला मोकळीक देते. पट्ट्याच्या पोटात जे चालतं तेच नावात चाललंय, आणि ते नाव ठेवणाऱ्याला कळलं होतं की सहज जमून गेलं, याची मला फार उत्सुकता आहे.

स्पायडेल हे घराणं मूळचं जर्मनीतल्या फोर्त्सहाइमचं. बाडेनचा अधिपती कार्ल फ्रीडरिश याने १७६७ साली तिथल्या अनाथाश्रमात घड्याळांचा आणि दागिन्यांचा कारखाना सुरू करवला. पुढे ते ‘सोन्याचं शहर’ म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. प्रॉव्हिडन्सची कुळकथाही त्याच वळणाची. हलक्या धातूवर सोन्याचा पातळ थर चढवायचं तंत्र नेहेमाया डॉज या कारागिराने तिथे १७९४च्या सुमारास बसवलं. स्पायडेल मंडळी तिथे १९०४ पासूनची. या पट्ट्याचा थोरला भाऊही फोर्त्सहाइमचाच : रोडी उंड विनेनबेर्गर कंपनीचा फिक्सोफ्लेक्स.

आता पट्टा उलटा करा. वरून दिसतात त्या सोनेरी, किंचित फुगीर कड्या. खाली पोलादी, सपाट कड्यांची दुसरी ओळ. वरची प्रत्येक कडी खालच्या दोन कड्यांवर अर्धी अर्धी बसलेली. गवंडी विटा रचताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही, त्याला सांधेमोड म्हणतात. इथे तीच सांधेमोड आहे, फक्त ही भिंत ताणली जाते. प्रत्येक कडी म्हणजे पत्रा दुमडून केलेली पोकळ नळी. तिच्या आत वाळलेल्या पानासारखी जराशी बाक दिलेली चपटी स्प्रिंग. दोन्ही ओळींना दोन्ही कडांनी बांधतात त्या इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या पिना, कागद टाचायच्या पिनेसारख्या. तिचा एक पाय वरच्या कडीत, दुसरा खालच्या कडीत. पट्टा ओढला की पिना कलतात, त्यांचे पाय नळीत फिरतात आणि त्या पानावर टेकतात. पान दबतं, पण त्याला दबून राहायचं नसतं. ओढ सोडली की ते पिनेला पुन्हा आडवं पाडतं.

या सबंध पट्ट्यात एकही लांब स्प्रिंग नाही. जो ताण आपल्याला एकसंध वाटतो तो डझनावारी बारीक नकारांची बेरीज असतो. ओवीत चरणामागून चरण थोडा थोडा श्वास घेतो आणि शेवटी ओवी दमछाक न होता पुरी होते, तशी ही विभागणी. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते : कुठल्याही एका कडीवर फार भार नाही. आणि प्रत्येक पिन आपापली कलू शकते म्हणून पट्टा नुसता ताणला जात नाही, पिळलाही जातो.

अमेरिकी जाहिरातींनी नेमकं हेच उचललं. पट्ट्याला गाठ मारून दाखवायची, सोडायची, पट्टा पुन्हा सरळ. गाठ बघून माणसं दुकानात गेली असणार, यात नवल नाही. पण ही जाहिरात म्हणजे कवितेतली सर्वांत टाळ्यांची ओळ, आणि टाळ्यांच्या ओळीवरून कविता समजत नाही. ज्याने गाठ मारून पाहिली त्याने पट्ट्याचं आयुष्य कमी केलं, एवढंच. ताणता येतं याचा अर्थ ताणलेलं ठेवायचं असा नव्हे.

पट्टा निवडण्याची अख्खी मेख इथेच आहे. हाताला बसलेल्या पट्ट्यात स्प्रिंगा जवळपास विसावलेल्या असायला हव्यात. मनगटाच्या हाडाच्या वरच्या बाजूला दोरा गुंडाळून माप घ्या. घड्याळासकट पट्ट्याचा न ताणलेला घेर त्याच्याइतका किंवा केसभर कमी हवा. तासाभराने घड्याळ काढलं आणि कातडीवर कड्यांचा छाप उठलेला दिसला तर पट्टा घट्ट आहे. हात खाली सोडून हलवल्यावर तो पंजावर घसरला तर सैल. घड्याळाच्या डब्याला पट्टा अडकवायची जी शिंगं असतात त्यांच्यातलं अंतर आधी मोजून घ्यावं. जनताचं ते १८ मिलिमीटर, पुरुषांच्या पुष्कळ घड्याळांत २० किंवा २२. काही पट्ट्यांची टोकं दुर्बिणीच्या नळीसारखी आतबाहेर सरकतात आणि दोन-चार मापांना चालतात. सोय चांगली, पण दिसायला जरा तडजोडीची. जाडजूड, वजनदार घड्याळ या पट्ट्यावर चढवू नये असं माझं मत आहे. ते दिवसभर मनगटाभोवती डुलत राहतं. पातळ, हलकं, रोज किल्ली मागणारं घड्याळ हाच याचा खरा जोडीदार. नाना रोज सकाळी किल्ली देताना घड्याळ हातातून काढत, तेव्हा बकलाशी झटापट नसे. एका श्वासात घड्याळ हातात आणि एका श्वासात पुन्हा मनगटावर.

पाठीवरची बारीक अक्षरंही वाचनात धरली पाहिजेत. जुन्या अमेरिकी पट्ट्यांवर बहुधा असतं : वरचा भाग १/२० १० कॅरट गोल्ड फिल्ड, पाठ स्टेनलेस स्टील. म्हणजे त्या वरच्या भागाच्या वजनाचा विसावा हिस्सा १० कॅरटचं सोनं. १० कॅरट म्हणजे २४ पैकी १०. गुणाकार केला तर शुद्ध सोनं अठ्ठेचाळीसावा भाग, दोन टक्क्यांच्या आसपास. बावीस कॅरटच्या बांगडीवर वाढलेल्या आमच्या आजीने हा हिशेब ऐकला असता तर पट्टा परत पाठवायला लावला असता. पण हा थर मुलाम्यापेक्षा पुष्कळ जाड असतो, दाब देऊन धातूवर बसवलेला. नानांच्या पट्ट्यावर चाळीस वर्षांनी फक्त कडांपाशी तो उडाला आहे, जिथे सदऱ्याची बाही घासते तिथे. अंगाला लागते ती पाठ, म्हणून तिचा धातू महत्त्वाचा. पट्ट्याखाली खाज सुटून पुरळ येत असेल तर संशय निकेलवर घ्यावा. कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा निर्बंध युरोपात १९९४ साली घातला गेला तो उगाच नव्हे.

एक दोष सांगितलाच पाहिजे, नाहीतर रसग्रहणाची आरती होते. हा पट्टा केस उपटतो. फाकलेल्या कड्या मिटताना त्यांच्या फटीत हातावरचे केस सापडतात, आणि पट्टा काढताना मुळासकट जातात. पट्टा नीट मापाचा असला आणि फटकन न सोडता हळूच बसू दिला तर त्रास कमी होतो, संपत नाही. केसाळ मनगटाच्या माणसाने सरळ कातडी पट्टा घ्यावा.

त्याच फटीत घाम, पावडर आणि कातडीचा भुगा जाऊन बसतो आणि त्याचा काळा चिकटा होतो. मुंबईच्या हवेत तर दोन महिन्यांत. उपाय साधा आहे. शिंगांमधल्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या पिना दाबून पट्टा घड्याळापासून सोडवायचा, कारण जनतासारख्या घड्याळात पाणी गेलं की दुखणं वेगळंच सुरू होतं. कोमट पाणी, अंगाचा साबण, जुना टूथब्रश. पाण्यातच पट्टा हलक्या हाताने उघडमीट करायचा म्हणजे आतला मळ सुटतो. मग पुसून पंख्याखाली ठेवायचा, पुरता वाळेपर्यंत. टूथपेस्ट लावू नये, सोनं खरवडतं. तेलही नको, ते धूळ धरतं आणि बाहीला डाग देतं.

नाना हे सगळं करत. चुकत ते दुसरीकडेच. हात धुताना घड्याळ काढण्याचा कंटाळा म्हणून नाना ते कोपराकडे सरकवून ठेवत, आणि जेवण संपेपर्यंत पट्टा तिथेच ताणलेला राहत असे. शिवाय पट्टा आला तेव्हाच त्यांनी गावातल्या घड्याळजीकडून दोन कड्या काढवून घेतल्या होत्या. “आठवडाभर घालून बघा की नाना, मग काढू,” असं तो म्हणाला होता म्हणे. “घसरता कामा नये, आत्ताच काढा,” असं हे. कड्या काढायला पट्टा पालथा घालतात, लगतच्या कड्यांचे दुमडलेले कान पातळ पेचकसाने उचलतात, कडी कडेला सरकवून पिनेतून सोडवतात. काम पाच मिनिटांचं. नानांच्या हाताला पट्टा मात्र मुळात बरोबरच बसत होता; दोन कड्यांविना पट्टा त्यांच्या मनगटावर कायम अर्धा उघडा राहिला. पंधरा-वीस वर्षांत पानं थकली. पट्टा फाकवला तर मिटायला वेळ लावू लागला. एव्हाना नानांचं मनगटही बारीक झालं होतं, त्यामुळे त्यांना ते फारसं जाणवलं नसावं.

त्यांच्या माघारी कपाटाच्या खणात कुंकवाची एक रिकामी पितळी डबी सापडली. आत कागदात गुंडाळलेल्या त्या दोन कड्या होत्या, त्यांच्या खालच्या दोन कड्यांसकट. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी एका रविवारी कान उचलून त्या पुन्हा जागेवर बसवल्या. पट्टा आता माझ्या मनगटाला येतो. त्या दोन कड्यांचं सोनं अजून गडद पिवळं आहे, आणि त्यांच्या स्प्रिंगा कधी ताणल्याच गेलेल्या नाहीत. रोज सकाळी हात घालताना बाकी पट्टा सहज फाकतो. तेवढ्या एका जागी तो ताठ राहतो.