अर्चिन, अनियमित
एकायनोडर्माटा संघाच्या एकायनॉयडिया वर्गातील द्विपार्श्व सममित सागरी प्राणी. हृदयाकृती अर्चिन व चपटे वाळूतील अर्चिन हे ह्यांतील परिचित प्रकार होत. नियमित अर्चिनांचे कवच गोलसर असून गुदद्वार माथ्यावर असते. अनियमितांत ते मागील वा खालील बाजूस सरकलेले असते. कंटक आखूड व दाट असतात. वाळूत किंवा चिखलात पुरून राहण्यास ही रचना सोयीची असल्याने ‘अनियमित’ हे नाव दिशाभूल करणारे आहे.

ह्या विभागणीची दोन्ही अंगे सारखी भक्कम नाहीत. सर्व अनियमितांचा पूर्वज एकच असून ते सु. १९ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक कल्पाच्या पूर्वार्धात, नियमितांपासूनच उद्भवले. त्यामुळे ‘नियमित’ हा नैसर्गिक गट ठरत नाही; ती केवळ उरलेल्यांची मोट होय. अनियमितांतही बाह्य साम्य फसवे असते. चपटे कवच व प्रौढपणीही टिकणारा ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ (जबड्यांची रचना) ह्यांवरून क्लायपिॲस्टर व स्क्यूटेला हे गट एकाच गणात घातले जात. २०१८ मधील जनुकीय विश्लेषणात मात्र स्क्यूटेला गटाचे नाते, प्रौढपणी कंदील नसणाऱ्या एकायनोलँपसशी अधिक जवळचे दिसून आले.

नर्मदेच्या खोऱ्यातील बाघ (जि. धार, मध्य प्रदेश) येथील थरांत हेमिॲस्टर ह्या हृदयाकृती प्रजातीचे जीवाश्म मिळतात. पी. मार्टिन डंकन ह्यांनी १८६५ मध्ये यूरोपीय जीवाश्मांशी तुलना करून ते थर क्रिटेशस कल्पातील ठरविले. थरांचे वय ठरविण्यास कवचाचा आकार पुरेसा झाला; वंशसंबंध ठरविण्यास तो एकटा पुरत नाही.