पोलादाच्या भट्टीत कुणाचे पैसे?

जो स्टडवेल यांचं 'हाउ एशिया वर्क्स' (२०१३) वाचताना गरीब देश श्रीमंत शेजाऱ्याला कसा गाठतो, हे कोडं सुटल्यासारखं वाटतं. आधी कसणाऱ्याला जमीन, मग निर्यात करणारे कारखाने आणि बँकांना सरकारी लगाम. जपानने हे केलं. कोरिया, तैवानने गिरवलं. मांडणी मला पटते.

तक्रार वेगळी आहे. पुस्तकाचा सगळा रोख धोरण फळलं का, याकडे आहे. किंमत कुणी मोजली, हा प्रश्न मागे पडतो. पोहांगचा पोलाद कारखाना घ्या. १९६५च्या करारात जपानने कोरियाला ३० कोटी डॉलरची मदत आणि २० कोटींचं कर्ज देऊ केलं. त्यातले जवळपास १२ कोटी या कारखान्यात गेले. जपानी राजवटीत सक्तीने राबवलेल्या मजुरांच्या हाती फारसं काही लागलं नाही. २०१८मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी पोलाद कंपनीला भरपाई द्यायला सांगितली, तेव्हा चार फिर्यादींपैकी एकच हयात होता.

क्रयशक्तीच्या हिशेबात आज कोरियाचं दरडोई उत्पन्न जपानहून जास्त आहे. पुस्तक जरूर वाचा. फक्त 'भांडवल' हा शब्द आला, की ते कुणाच्या हक्काचं होतं, एवढं विचारा.