चेहरा आणि पाटी : सेस्सू हायाकावाच्या अभिनयाचे वाचन

नटाच्या मुद्रेतील अर्थ प्रेक्षकापर्यंत थेट पोहोचतो, असे एक गृहीतक चित्रपटसमीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. मूकपटाविषयी तर ते अधिकच आग्रहाने मांडले जाते. उच्चारित शब्दाचा आधार नसल्याने तेथे चेहराच भाषा होतो, असे म्हटले जाते. सेस्सू हायाकावा (१८८६-१९७३) या जपानी नटाची कारकीर्द या गृहीतकाची कसोटी पाहते.

जपानच्या चिबा प्रांतात जन्मलेला हायाकावा अमेरिकेत १९१४ च्या 'द टायफून'मुळे पुढे आला. पुढच्याच वर्षी सेसिल बी. डमिल दिग्दर्शित 'द चीट'ने त्याला कीर्ती दिली. रेडक्रॉसचा निधी सट्ट्यात गमावलेली एक विवाहिता हस्तिदंताच्या जपानी व्यापाऱ्याकडून दहा हजार डॉलर घेते. पुढे ती रक्कम परत करू पाहते, तेव्हा तो तापलेल्या लोखंडाने तिच्या खांद्यावर आपली मुद्रा उमटवतो. रंगभूमीवरून आलेले हातवारे आणि विस्फारलेले डोळे यांवर त्या काळचे अनेक नट विसंबून असत. हायाकावा मात्र हालचाल कमीत कमी ठेवतो. छायाप्रकाशाच्या तीव्र विरोधात त्याचा स्थिर चेहराच प्रसंगाचे भय वाहून नेतो. लुई देल्युकसारख्या फ्रेंच समीक्षकांना या संयमात चित्रपटाच्या स्वतंत्र अभिव्यक्तीची खूण दिसली.

अमेरिकेतील जपानी समाजाला त्यात वेगळेच दिसले. कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने जपानी स्थलांतरितांना शेतजमिनीची मालकी नाकारली होती. अशा काळात हा खलनायक आपल्याविषयीचा द्वेष वाढवील, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. निषेध झाला. पहिल्या महायुद्धात जपान मित्रपक्षात असताना, १९१८ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तो बदललेल्या अक्षरपाट्यांसह. जपानी हिशुरू टोरी आता ब्रह्मदेशीय हाका अराकाऊ झाला. चेहरा तोच राहिला, नाव व देश तेवढे पालटले. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता; आपल्या प्रतिमेविषयी निषेध नोंदवील असे स्वतःचे सरकार त्याला नव्हते. बदनामीचा भार अशा रीतीने ज्याला आवाज नाही त्याच्याकडे सरकवला गेला.

ही अदलाबदल शक्य झाली, यातच चेहऱ्याच्या तथाकथित स्वयंपूर्णतेचे खंडन आहे. हायाकावाच्या मुद्रेतून 'जपान' व्यक्त होत असता, तर एका पाटीने तिचा ब्रह्मदेश झाला नसता. वांशिक अर्थ मुद्रेत नव्हता. तो पाटीने पुरवला आणि प्रेक्षकाच्या पूर्वग्रहाने पूर्ण केला. पुढे १९३१ च्या 'डॉटर ऑफ द ड्रॅगन'मध्ये तो चिनी गुप्तहेर झाला, तर 'द चीट'च्या कथेवर मार्सेल लर्बिए यांनी १९३७ मध्ये केलेल्या फ्रेंच चित्रपटात त्याच खलनायकाच्या जागी मंगोलियातील राजपुत्र म्हणून उभा राहिला.

एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएन्टॅलिझम' (१९७८) या ग्रंथानंतर अशा प्रतिमांचे विश्लेषण सुकर झाले. मात्र हायाकावाला केवळ पाश्चात्त्य कल्पनेचा बळी मानून थांबणारी समीक्षा नकळत त्या पाटीचेच काम करते. त्याचा संयम 'गूढ पौर्वात्य' स्वभावाचा भाग आहे असे मानणारा प्रेक्षक आणि तो निव्वळ वर्चस्ववादी प्रतिमेचा परिणाम आहे असे मानणारा समीक्षक, या दोघांनाही नटाची निवड दिसत नाही.

ती निवड होती, याचा पुरावा 'द ड्रॅगन पेंटर' (१९१९) या चित्रपटात मिळतो. हायाकावाने १९१८ मध्ये स्वतःची निर्मितीसंस्था काढली होती. हा तिचाच चित्रपट. हरवलेल्या ड्रॅगन-राजकन्येच्या ध्यासाने डोंगरात भटकणारा चित्रकार, प्रिया लाभताच कला गमावतो, अशी ही कथा. नायिका हायाकावाची पत्नी त्सुरू आओकी हिने साकारली. येथील जपानही कल्पितच आहे. त्यातील डोंगर कॅलिफोर्नियातील योसेमिटीचे आहेत. परंतु येथे हायाकावा धावतो, झेपावतो, अस्वस्थपणे अंग झोकून देतो. 'द चीट'मधील स्तब्धता त्याच्या वंशाचा गुणधर्म असती, तर या भूमिकेत ती लोपली नसती. तो त्या भूमिकेपुरता घेतलेला कलानिर्णय होता.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) मधील कर्नल सैतोच्या भूमिकेसाठी हायाकावाला सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. युद्धकैद्यांच्या छावणीचा हा कठोर अधिकारी इंग्रज कर्नलपुढे हार पत्करतो आणि नंतर खोलीत एकटाच रडतो. आधीच्या सर्व ताठरपणाचे मोल या क्षणी कळते. तो ताठरपणा आतील भीती झाकण्यासाठी होता. संहितेने त्याला पुन्हा एक ठरीव जपानी दिला होता. त्या ठरीव साच्याला आतून तडा देण्याचे काम नटाने केले.

हायाकावाचे मूल्यमापन म्हणूनच दुहेरी असावे लागते. पाटी कोणी लिहिली हे विचारावे लागते आणि ती बाजूला सारून चेहराही पाहावा लागतो. पहिला प्रश्न टाळणारी समीक्षा भाबडी ठरते. दुसरा टाळणारी अन्यायकारक.