रांगेत उभा केलेला गिबन

उल्हासनगर कॅम्प १ मधील एका शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक जुना तक्ता आहे. त्यात पाच सांगाडे ओळीने उभे आहेत: गिबन, ओरांगउटान, चिंपँझी, गोरिला आणि माणूस. नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, मग गिबनचा माणूस कधी होणार?" तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे, घोटाळा तक्त्यात आहे.

मूळ चित्र टी. एच. हक्स्ली यांच्या १८६३ सालच्या पुस्तकातले. हाडांच्या रचनेतले साम्य दाखवणे एवढाच त्यांचा हेतू होता आणि तो उत्तम साधला. गिबन मात्र दुप्पट मोठा काढला आहे. हक्स्लींनी चित्राखाली तसे प्रामाणिकपणे नमूद केले होते. आमच्या तक्त्यावरून ती ओळच गळाली आहे! प्रत्यक्षात आसामातला हूलॉक गिबन सहा-सात किलोचा, म्हणजे आपल्याकडच्या वानरापेक्षाही हलका असतो.

याहून मोठा दोष क्रमाचा. पहिला तो मागासलेला, असे मुले सहज धरून चालतात. गिबनची शाखा सुमारे १.७ कोटी वर्षांपूर्वी इतर कपींपासून वेगळी झाली. तेव्हापासून उत्क्रांतीला जेवढा काळ आपल्याला मिळाला, तेवढाच त्यालाही. चिंपँझी, गोरिला व ओरांगउटान या तिघांत ४८ गुणसूत्रे, माणसात ४६. गिबनच्या चार प्रजातींत मात्र ३८, ४४, ५० आणि ५२! 'थांबून राहिलेल्या' प्राण्यात एवढी उलथापालथ कशी होईल? शिवाय तक्त्यात माणसाशेजारी गोरिला आहे. डीएनए पाहता ती जागा चिंपँझीची.

गिबनचे पूर्वज कोणते, हा प्रश्न मात्र अजून अवघड आहे. जम्मूतील रामनगरला सापडलेल्या एका दाढेवरून २०२० मध्ये 'कपी रामनगरेन्सिस' हा सर्वांत जुना गिबनवंशीय म्हणून जाहीर झाला. वय सुमारे १.३ कोटी वर्षे. दोनच वर्षांत युनानमधील जीवाश्मांच्या अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. एका दाढेवर वंशावळ उभारायची म्हणजे असे व्हायचेच.

त्या मुलीसाठी मी फळ्यावर झाड काढले. ते पाहून तिने विचारले, "आणि आपलं शेपटीवालं माकड?" त्याची फांदी मी गिबनच्याही खाली, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी फुटलेली दाखवली. तिचेही टोक आजपर्यंत, माणसाच्याच उंचीला आणून.