बारा मिनिटांचा भरवसा

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले स्टीपलचेसचे सुवर्ण 0.05 सेकंदाने हुकले. तेव्हापासून बीडच्या मैदानांवर पोरांची गर्दी आहे. त्यांचा दमसास जोखायला बहुधा हाताशी असते ती कूपरची 12 मिनिटांची धाव. तिच्यावर भरवसा किती ठेवावा?

कूपरने 1968 साली अमेरिकी हवाई दलातल्या 115 पुरुषांची चाचणी प्रसिद्ध केली. धावलेले अंतर आणि प्रयोगशाळेत मोजलेली प्राणवायू घेण्याची क्षमता यांचा सहसंबंध 0.897 आला. क्रीडाशिक्षणात हा आकडा पाठ झाला; तो कुणावर काढला, हे मागे पडले. त्या गटात तरुणही होते, पन्नाशीचेही. गट असा विजोड असला की सहसंबंध मोठा दिसतो. तोलामोलाचे धावपटू घेतले की घटतो. निवड तर तोलामोलाच्यांतूनच करायची असते!

शिवाय मुरमाड मैदान, ऊन, वेग राखण्याची सवय यांनी एकाच मुलाचे अंतर दोन दिवसांत बदलते. म्हणून माझे म्हणणे एवढेच: ही चाचणी मुलाची त्याच्याच कालच्या धावेशी तुलना करायला वापरावी. एका सकाळच्या आकड्यावर कुणाला घरी पाठवू नये.